नागीण परत बिळात जाते

श्रावणातली गोष्ट. उमरगा तालुक्यातल्या आमच्या गावी आत्या सोयाबीनची खुरपणी सोडून घरी आली ती उजवी कूस धरूनच. दोन दिवस सगळ्यांनी उसण भरली म्हणून झेंडू बाम चोळला. तिसऱ्या दिवशी बरगडीखाली लालसर चट्टा दिसला आणि चौथ्या दिवशी त्यावर पाण्यानं भरलेले दाणे, द्राक्षाच्या घडासारखे एकमेकांना चिकटून. लुगड्याचा पदर लागला तरी ती कळवळायची. धाकट्या जावेनं कंदील धरावा तसा मोबाईलचा उजेड पाडला आणि म्हणाली, "आगं बया, ही नागीण हाय. मागं कुठवर गेलीया बघू दे. तोंड-शेपूट भिडलं का?"

नागीण झालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न हाच विचारतात. दुखतंय का, हे नंतर. पुरळाचा पट्टा अंगाभोवती फिरत फिरत पूर्ण वेढा झाला, तोंडाला शेपूट लागलं, की माणूस संपला ही समजूत धाराशिव-लातूरपासून कोकणापर्यंत सारखी आहे. उमरग्याहून आळंदच्या बाजूला हद्द ओलांडली की कानडीत याच दुखण्याला 'सर्पसुत्तु' म्हणतात, म्हणजे सापाचा वेढा. ग्रीकांना साप दिसला नाही, पट्टा दिसला. 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. इंग्रजी 'शिंगल्स'चं मूळही लॅटिनमधल्या कमरपट्ट्याच्याच शब्दात आहे. माणसांनी जगभर दुखणं नीट पाहिलं होतं, यात शंका नाही. अर्थ लावताना मात्र गडबड झाली.

मणक्याच्या प्रत्येक मण्यापाशी मज्जातंतूंची एक जोडी बाहेर पडते, एक डावीकडे, एक उजवीकडे. उजवीकडच्या तंतूचं राज्य पाठीच्या कण्यापासून सुरू होतं आणि पुढे बेंबीच्या रेषेपाशी संपतं. तिथून पलीकडे डाव्याची हद्द. नागिणीचा विषाणू बहुधा एकाच तंतूच्या मुळाशी जागा होतो आणि त्याच तंतूच्या वाटेनं कातडीपर्यंत येतो. त्यामुळे पट्टा अर्ध्या अंगावर उठतो आणि मधल्या रेषेपाशी थांबतो. बांध आडवा यावा तसा. हेन्री हेड आणि ए. डब्ल्यू. कॅम्पबेल यांनी १९०० साली नागीण होऊन गेलेल्या मृत रुग्णांचे मज्जातंतू तपासून तंतूंच्या या हद्दी आखल्या. अंगाचा कुठला पट्टा कुठल्या तंतूचा, हा नकाशा आजही डॉक्टर शिकतात आणि तो तयार व्हायला नागिणीनं मोठी मदत केली.

म्हणजे तोंड आणि शेपूट भेटायची वाटच सहसा नसते. क्वचित दोन्ही बाजूंना पुरळ उठतं. तेव्हा अंगाची प्रतिकारशक्ती एवढी का घटली, हे डॉक्टर शोधतात. मधुमेह हाताबाहेर आहे का, एचआयव्ही आहे का, कॅन्सरची औषधं चालू आहेत का. शोधायलाच हवं, पण वेढा पुरा झाला म्हणून कुणी मरत नाही.

आत्याला मात्र शेजारच्या गावी नेलं. तिथले एक म्हातारबाबा गेरू उगाळून पुरळाच्या दोन्ही टोकांना आडव्या रेघा ओढायचे. नागीण पुढे सरकू नये म्हणून. पाच दिवस मंतरलेलं पाणी, पाच दिवस गेरू, तेल-मीठ वर्ज्य. पैसे घेत नसत, नारळ तेवढा. बाबांबद्दल माझ्या मनात राग नाही. पण त्यांचं यश कशावर उभं आहे, ते सांगायला हवं. नागिणीचे फोड सात ते दहा दिवसांत आपोआप सुकून खपली धरतात आणि दोन ते चार आठवड्यांत कातडी निवळते. गेरू लावा, शेण लावा, काहीच लावू नका. रेघ ओढायच्या आधीच नागीण थांबायच्या बेतात असते. श्रेय रेघेला जातं.

यात एक गोष्ट कायमची हातची जाते. असायक्लोव्हिर आणि त्याच्या जातीची विषाणूरोधक औषधं पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर खरी कामाची. फोड लवकर सुकतात, वेदना कमी होतात. असायक्लोव्हिर ज्या संशोधनातून आलं, त्यात गर्ट्रूड एलियन यांचा मोठा वाटा होता आणि त्यांना १९८८ साली नोबेल मिळालं. ही गोळी तालुक्याच्या कुठल्याही औषध दुकानात मिळते. पण पाच दिवसांचा उतारा संपेपर्यंत तीन दिवसांची मुदत टळून गेलेली असते. आत्याची टळली. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावोगावच्या बायांना प्राथमिक उपचार शिकवून 'भारतवैद्य' म्हणून उभं केलं. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांचं ते काम. अशी एखादी बाई गल्लीत असेल आणि तिनं पहिल्या दिवशी दाणे पाहून "आजच्या आज दवाखाना" म्हटलं, तर या प्रकरणातलं निम्मं दुखणं टळतं. कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर दाणे असतील तर एक दिवसही थांबू नये. तिथला तंतू डोळ्यातही जातो आणि दृष्टी जाऊ शकते.

आता मूळ मुद्दा. आत्याला ही नागीण आली कुठून? बाहेरून कुठूनच नाही. ती साठ वर्षं तिच्या अंगातच होती.

लहानपणी तिला कांजण्या आल्या होत्या. कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं, हे तिला अजून आठवतं. कांजण्या बऱ्या झाल्या, पण विषाणू गेला नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी, कण्यालगतच्या गाठींमध्ये जाऊन बसला. हे कोडं उलगडण्यात एका खेड्यापाड्यातल्या डॉक्टराचा वाटा मोठा आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबतो. एडगर होप-सिम्पसन इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टर या छोट्या गावी साधी प्रॅक्टिस करत. त्यांच्याकडे नोंदलेली माणसं साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या गावाएवढी. सोळा वर्षं त्यांनी नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. १९२ रुग्ण झाले. नागिणीची साथ येत नाही, ती कुणाकडून लागत नाही, वय वाढेल तसं तिचं प्रमाण वाढतं, हे त्या वहीतून दिसलं. १९६५ साली त्यांनी मांडलं की कांजण्यांचा विषाणू अंगात झोपून राहतो, शरीर त्याच्यावर पहारा ठेवतं आणि वयानं किंवा आजारानं पहारा ढिला पडला की तो तंतूच्या वाटेनं बाहेर येतो. कांजण्या आणि नागीण यांचा विषाणू एकच, हे त्याआधी १९५०च्या दशकात टॉमस वेलर यांनी प्रयोगशाळेत दाखवलं होतं. पण तो मधली वर्षं कुठे असतो, ही गोष्ट एका गावच्या डॉक्टराच्या वहीतून पुढे आली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशा किती वह्या रद्दीत गेल्या असतील, कोण जाणे.

म्हणून मला आपला 'नागीण' हा शब्द शास्त्राच्या शब्दापेक्षा जवळचा वाटतो. ती आली, डसली आणि बिळात परत गेली. मेली नाही. गेरूवाले बाबा आणि बरेचसे सुशिक्षित लोकही इथेच चुकतात. "एकदा होऊन गेली, आता जन्मात नाही," असं म्हणतात. हा नियम कांजण्यांना बराचसा लागू आहे, नागिणीला नाही. होप-सिम्पसन यांचाच अंदाज होता की हजार माणसं पंच्याऐंशी वर्षांपर्यंत जगली तर निम्म्यांना एकदा आणि दहा जणांना दोनदा नागीण होईल. पुढे अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका परगण्यात १,६६९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठेक वर्षांत सुमारे सहा टक्के लोकांना ती पुन्हा झालेली दिसली. ज्यांच्या वेदना पहिल्या वेळी महिनाभराच्या पुढे रेंगाळल्या होत्या आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी होती, त्यांना जास्त.

सहा टक्के म्हणजे शंभरातले सहा. आकडा छोटा वाटतो. पण पोळ्यानंतर आत्याची कातडी निवळली तरी आग गेली नव्हती. रात्री पंख्याचा वारा लागला की तिला निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पुरळ गेल्यावर तीन महिन्यांच्या पुढे राहणारं हे दुखणं म्हणजे नागिणीचा खरा दंश. त्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत, तंतूंना शांत करणाऱ्या वेगळ्या गोळ्या लागतात. ज्यानं ती आग सोसली आहे त्याला सहा टक्के लहान वाटत नाहीत. आत्यानं मला फोनवर विचारलं, "परत व्हती का रं ही?" मी सांगितलं, होऊ शकते, पण लस आहे. त्यावर ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, "मग आधी का नाय सांगितलंस?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

नागिणीची पहिली लस अमेरिकेत २००६ साली आली. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची होती, जपानच्या मिचिआकी ताकाहाशी यांनी कांजण्यांच्या लसीसाठी तयार केलेल्या 'ओका' वाणाची. तिनं धोका साधारण निम्म्यावर आला. २०१७ साली 'शिंग्रिक्स' आली आणि २०२०च्या अखेरीस जुनी लस अमेरिकेतल्या बाजारातून गेलीही. शिंग्रिक्समध्ये जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या अंगावरचं एक प्रथिन आहे आणि पहारेकऱ्यांना खडबडून जागं करणारी जोड आहे. त्या जोडीतला एक घटक चिलीमधल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. त्या सालीला आपल्या रिठ्यासारखा फेस येतो. पन्नाशीपुढच्यांच्या मोठ्या चाचणीत या लसीनं ९७ टक्के संरक्षण दिलं, सत्तरीपुढच्यांत ९० टक्क्यांच्या जवळपास. दहा-अकरा वर्षांनंतरही संरक्षण ८० टक्क्यांच्या आसपास राहिल्याचं दिसलं. भारतात ती २०२३ साली पन्नाशीपुढच्यांसाठी आली.

आता नागीण होऊन गेल्यावर ती कधी घ्यावी? यावर जगातल्या आरोग्यखात्यांचं एकमत नाही. वाचकाला हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर एक डॉक्टर एक सांगतो, दुसरा दुसरं, आणि माणूस दोघांवरचाही विश्वास गमावून घरी बसतो.

पुरळ अंगावर असताना लस घ्यायची नाही, यावर सगळे एक आहेत. कारण साधं आहे. चालू असलेल्या नागिणीवर लस हे औषध नाही. आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. खपल्या गळाव्यात, ताप-अशक्तपणा जावा, माणूस मूळ पदावर यावा. त्यानंतर मतं फुटतात. अमेरिकेत ठरावीक मुदत घातलेली नाही. पुरळ पूर्ण गेलं की घेता येते, असं म्हणतात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया धडधाकट माणसाला वर्षभर थांबायला सांगतात. ऑस्ट्रेलियात प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना मात्र तीन महिन्यांनंतरच देण्याची मुभा आहे.

वर्षभर थांबण्यामागचा विचार असा की नागिणीचा हल्ला हाच शरीराला मोठा इशारा असतो. पहारा कडक होतो आणि काही काळ तसा राहतो. त्या काळात दिलेल्या लसीनं अपाय होत नाही, पण भरलेल्या घागरीत पाणी ओतल्यासारखं होतं. उलट बाजूनं असं म्हणता येतं की घागर किती भरली हे कुणाची कशी मोजणार? सत्तरीतल्या मधुमेही बाईचं शरीर तो इशारा किती दिवस लक्षात ठेवील? नागीण होऊन गेलेल्या शंभरेक लोकांना ही लस देऊन पाहिली, तेव्हा बहुतेकांच्या अंगात चांगला प्रतिसाद उठला. म्हणजे आधी नागीण झाल्यानं लस वाया जात नाही.

माझं मत विचाराल तर चाळीस-पन्नास देशांची पत्रकं वाचण्यापेक्षा समोरचं माणूस पाहावं. पंचावन्न वर्षांचा धडधाकट मास्तर, पंधरा दिवसांत बरा झालेला, त्यानं सहा महिने-वर्ष थांबलं तर काही बिघडत नाही. पण बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात केमो घेणाऱ्या माणसाला, संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्या बाईला किंवा साखर कायम वर असलेल्याला वर्षभर थांब म्हणणं मला पटत नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून, चालू उपचारांच्या वेळा सांभाळून, लवकरची तारीख धरावी. ही लस जिवंत विषाणूची नसल्यामुळे अशा लोकांनाही देता येते. जुन्या लसीचं तसं नव्हतं.

तंतूंची आग अजून चालू असेल तर? तरीही लस घेता येते. मात्र आग विझवायला म्हणून घेऊ नये, ती लसीनं जात नाही. पहिला डोस झाला आणि मध्येच नागीण उठली तर दुसरा सोडायचा नाही, बरं झाल्यावर पुरा करायचा. दोन डोसांत दोन ते सहा महिन्यांचं अंतर असतं. आणि 'मला लहानपणी कांजण्या आल्या होत्या का' म्हणून रक्त तपासत बसू नये. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या अंगात कांजण्यांचा विषाणू असणार, हे धरूनच ही लस देतात.

एक घोटाळा मी स्वतः पाहिला आहे. दुकानात "कांजण्यांची लस" आणि "नागिणीची लस" यांत गल्लत होते, कारण विषाणू एकच. कांजण्यांची लस मुलांची. ती आजीला देऊन नागिणीचं संरक्षण मिळत नाही. चिठ्ठीवरचं नाव आणि खोक्यावरचं नाव जुळवून पाहावं. आणि आजीला नागीण झालेली असताना नातवाला जपावं. फोडांतल्या पाण्यातून त्याला नागीण नाही, पण कांजण्या होऊ शकतात. फोड झाकून ठेवावेत, खपली धरली की भीती सरते.

सरकारी लसीकरणात ही लस नाही. धाराशिवला, जिल्ह्याच्या ठिकाणी, २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तरी या लसीसाठी आपल्याकडचं माणूस सोलापूरला किंवा लातूरला खासगी दवाखान्यातच जातं. दोन डोस मिळून खर्च वीस हजारांच्या घरात. धाराशिवच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा आकडा कसा वाटेल, ते सांगायला नको. एवढे पैसे बी-खतासाठी उसने काढावे लागतात. म्हणून सरसकट सगळ्यांनी घ्यावीच, असं मी म्हणणार नाही. ज्याला एकदा नागीण झाली आहे आणि ज्याची साखर किंवा औषधं पहारा ढिला करणारी आहेत, त्याच्या घरात हा खर्च आधी धरावा.

आत्याचं वय अडुसष्ट, साखर बारा वर्षांची. आग संक्रांतीपर्यंत हळूहळू निवळली. डॉक्टर म्हणाले, आता कधीही चालेल. आत्यानं तारीख आपल्या हिशेबानं, देवीच्या चैत्रातल्या जत्रेवरून धरली. "येरमाळ्याची चैत्री होऊ दे. चुन्याचं खडं येचून आले की मग." नागीण होऊन आठ महिने होत होते. अमेरिकेलाही चाललं असतं आणि कॅनडाला थोडं लवकर वाटलं असतं. सोलापूरच्या दवाखान्यात लस आधी सांगून मागवून ठेवावी लागली. दोन ते आठ अंशांत राहणारी. पावडरीची एक छोटी कुपी, पातळ औषधाची दुसरी. नर्सनं दोन्ही समोरच एकत्र करून औषध दंडात टोचलं. त्याआधी नर्स फ्रीज उघडत असताना आत्यानं डोकावून विचारलं होतं, "लाईट गेल्यावर काय करता?" नर्सनं इन्व्हर्टर दाखवला तेव्हा तिनं दंड पुढे केला.

त्या रात्री अंग मोडून आलं, बारीक ताप आला, दंड दुखला. या लसीचं ते नेहमीचं आहे, दीड-दोन दिवसांत उतरलं. दुसरा डोस पोळ्याच्या आधी झाला.

गेल्या महिन्यात वाड्यातली चुलती कूस धरून आली. ओसरीवर बायका जमल्या. जावेनं सवयीनं विचारलं, "तोंड-शेपूट भिडलंय का?" आत्यानं चुलतीचा पदर बाजूला केला, दाणे नीट पाहिले आणि तिच्या पाठीच्या कण्यावरून वरून खाली बोट ओढलं.

"हितनं पलीकडं जात नाय ती. कालच उठलीया ना? मग रिक्षा बोलवा, दुपारची येस्टी निघून जाईल."